वाटेत हरवलेलं उत्तर

आमच्या माडीवरच्या खोलीला पश्चिमेकडे एकच खिडकी आहे. तिच्यातून समुद्र दिसत नाही. सुपारीचे शेंडे दिसतात, आणि दुपारी वारा सुटला की ते सगळे एकाच बाजूला झुकतात. त्या झुकण्यावरून मी ओळखते की पलीकडे लाटा उठायला लागल्या. नवऱ्याला रेवदंड्याच्या शाळेत नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडून चौलला आलो. माझी नोकरी लॅपटॉपात मावत होती, ती माझ्याबरोबरच आली.

मी जे काम करते ते सांगायला थोडं अवघड आहे, कारण ते कुणाला दिसत नाही. एखाद्या ऑफिसात खूप माणसं आपापल्या मशीनवर बसलेली असतात, पण त्यांच्या फायली दूर कुठल्यातरी मोठ्या मशीनवर ठेवलेल्या असतात. तरी प्रत्येकाला वाटतं की फाइल आपल्याच टेबलावर आहे. हा भास टिकवायचा, हे आमचं काम. मोठ्या मशीनला सर्व्हर म्हणतात, छोट्याला क्लायंट. त्यातही माझ्याकडे आहे ती अगदी सुरुवात, म्हणजे क्लायंट सर्व्हरच्या दारात येतो तेव्हाचं बोलणं. क्लायंट म्हणतो, मी अमुक. सर्व्हर त्याला एक नंबर देतो. क्लायंट तो नंबर घेऊन पुन्हा येतो, मग सर्व्हर त्याला आत घेतो आणि तसं उत्तर पाठवतो. हे उत्तर वाटेत हरवलं तर क्लायंट तोच नंबर घेऊन परत विचारतो, आणि सर्व्हरने न रागावता तेच उत्तर पुन्हा द्यायचं असतं. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतं.

माझ्याकडे ते उरकत नव्हतं. कधी कधी क्लायंट नंबर घेऊन परत यायचा आणि सर्व्हर त्याला म्हणायचा, तुझी पाळी होऊन गेली. क्लायंट पुन्हा विचारायचा. सर्व्हर पुन्हा तेच. असं ते दोघं मी मशीन बंद करेपर्यंत एकमेकांशी बोलत राहायचे आणि माझ्या स्क्रीनवर काहीच हलायचं नाही. मीही बसून राहायचे. खाली विहिरीचा गडगडा ओढल्याचा आवाज यायचा, नारळाच्या झावळ्या पत्र्यावर घासायच्या, आणि त्या दोन मशीनच्या हट्टाकडे पाहता पाहता माझे डोळे जड व्हायचे.

आमचं सॉफ्टवेअर खुलं आहे. जगभरातले लोक त्यात भर घालतात आणि एका मेल यादीवर चर्चा करतात. बहुतेक जण आडनाव-गाव लावत नाहीत, एखादं छोटं टोपणनाव घेतात. मीही माझंच नाव आखडून तसंच घेतलं होतं. मी ही तक्रार यादीवर टाकली. एकाने लिहिलं, आमच्याकडे असं होत नाही. दुसऱ्याने लिहिलं, तुमचं नेटवर्क तपासा. मग काही दिवस कुणीच काही लिहिलं नाही.

आणि एका सकाळी एकाच ओळीचं मेल आलं. इंग्रजीत. ‘माझ्याकडेही होतं.’

त्या टोपणनावाला मी ओळखत होते, म्हणजे सगळेच ओळखत. तो दुसऱ्यांचे पॅच तपासायचा. पॅच म्हणजे आम्ही सुचवलेली दुरुस्ती. त्याचं इंग्रजी कोरडं आणि बिनचूक असायचं. त्यात ‘कृपया’ नसायचं, ‘धन्यवाद’ नसायचं. चूक असली की चुकीची ओळ तेवढी उचलून खाली लिहायचा, ‘हे का?’ भल्याभल्यांना त्या दोन शब्दांनी घाम फुटायचा. मी मनात त्याचं एक घर बांधून टाकलं होतं. थंड देश, लाकडाचं घर, खिडकीबाहेर गोठलेलं तळं. उंच, पांढऱ्या दाढीचा, एकटाच राहणारा माणूस. त्याची मेलं पहाटे यायची, म्हणून मी हिशोब करून त्याच्याकडे तेव्हा रात्र ठरवली होती आणि टेबलावर एक पिवळा दिवाही ठेवला होता. दुपारी काम अडलं की मी त्या घरात जाऊन बसायचे. तिथे फार शांत असायचं. तो काही बोलायचा नाही, बर्फ पडत राहायचा, आणि इकडे घामाने माझा हात कीबोर्डला चिकटायचा.

आम्ही दोघं त्या बगच्या, म्हणजे कोडातल्या त्या चुकीच्या, मागे लागलो. मी पहिला पॅच पाठवला. त्यात मी एवढंच केलं होतं की क्लायंट असा अडकला की सर्व्हरने त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करू द्यावं. अडकणं थांबलं. मी खूश होते. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं.

‘याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. आणि नंबर चुकलेल्या कुणालाही असंच आत घेतलं तर उद्या एकाच्या जागी दुसरा येऊन बसेल.’

मला राग आला. संध्याकाळी नवरा शाळेतून आला तेव्हा मी चहा करता करता त्याला म्हणाले, “तळ्याकाठी बसून बोलायला काय जातं? एक दिवस आमच्या नेटवर काम करून दाखव म्हणावं.”

“कुठलं तळं?” नवऱ्याने विचारलं.

मग मला सांगावं लागलं, आणि तो बराच वेळ हसत होता.

पण मेलमधलं त्याचं म्हणणं खरं होतं. मी पॅच मागे घेतला. मग आम्ही चाचणीसाठी एक सर्व्हर भाड्याने घेतला, परदेशात कुठेतरी. त्याला एका बाजूने मी जोडलेली, दुसऱ्या बाजूने तो. कोण कधी आलं, कधी तुटलं, सगळं सर्व्हर आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवायचा. लाइन मुद्दाम तोडून पाहायची साधनं असतात, ती आम्ही वापरली. हव्या तेवढ्या वेळा तोडली. बग काही हाती लागेना. आपणहून तुटली की मात्र एखाद्या वेळी नेमका यायचा, तोही आम्ही बघत नसताना.

पावसाळा संपत आला होता. वाडीतली जमीन अजून ओली होती आणि उन्हाला एक प्रकारचा जुनेपणा आला होता, कपाटातून काढलेल्या कपड्यासारखा. त्या दिवशी सकाळीच आमची नेटची लाइन गेली आणि जेवायच्या वेळेला आली. मी जेवण उरकून वर गेले आणि लॉग उघडला. माझा क्लायंट कधी तुटला ते पाहिलं. त्याच्याखालची ओळ त्या टोपणनावाची होती. तोही तेव्हाच तुटला होता.

योगायोग असेल, असं वाटून मी मागचे दिवस पाहिले. मी तुटले तेव्हा तो तुटला होता. मी परत आले त्याच्या पुढेमागे तो परत आला होता. लाइन बराच वेळ गेली होती अशा प्रत्येक वेळी, एकदा सोडून. मी खुर्चीत मागे टेकून बसले. खिडकीबाहेर शेंडे झुकले होते. गोठलेल्या तळ्यावर कुठेतरी बारीक तडा जावा तसं काहीतरी मला आतल्या आत ऐकू आलं.

मग मी आधी कधी न पाहिलेलं एक पाहिलं. सर्व्हरवर आपण जे फोल्डर उघडतो त्याचं नावही लॉगमध्ये येतं. माझ्या फोल्डरचं नाव मी ‘वाडी’ ठेवलं होतं, आत ‘सुपारी’ नावाची फाइल. इंग्रजी अक्षरांत, अर्थात. त्याच्या फोल्डरचं नाव होतं ‘मिठागर’. आतल्या फाइलीचं नाव होतं ‘जिताडा’.

जिताडा हा आमच्याकडचा मासा. खाडीकाठच्या खारपट्टीत लोक घराशेजारच्या तळ्यात तो वाढवतात, आणि पाहुणा आला की काढतात. कुठल्याही थंड देशात कुणी फाइलीला ते नाव देणार नाही.

मी खाली आले. नवरा त्या दिवशी घरीच होता, ओटीवर वह्या तपासत बसला होता. मी म्हटलं, “ज्या वेळी आपली लाइन जाते ना, त्याच वेळी त्याचीही जाते.”

त्याने वर न बघता म्हटलं, “मग तो आपल्याच वायरवर असेल.”

“हो,” मी म्हणाले, आणि त्याच्या वह्यांशेजारी ओटीवर बसले.

संध्याकाळी मी त्या पॅच तपासणाऱ्याला यादीवर न टाकता वेगळं मेल लिहिलं. मराठीत, एकच ओळ. ‘आज सकाळी तुमच्याकडेही लाइन गेली होती का?’ मी परसात एक फेरी मारून आले, पुन्हा वर गेले. उत्तर आलेलं होतं.

‘व्हय. पोयनाडजवळ रस्त्याचं खोदकाम चालू हाय, तिथं केबल तुटते. तुम्ही चौलच्या का नागावच्या?’

ते ‘हाय’ मी किती वेळ बघत बसले असेन. इतके दिवस ज्याने मला ‘हे का?’ म्हणून दटावलं होतं तो माणूस हाय म्हणत होता. माझ्या मनातलं लाकडाचं घर त्या एका शब्दाने विरघळलं, आणि खरं सांगायचं तर मला थोडं वाईटही वाटलं. त्या घरात मी बऱ्याच दुपारी घालवल्या होत्या.

पुढच्या मेलात त्याने लिहिलं, ‘दोघांनी एका जागी बसून बघू. आमची मंडळी म्हणते, घरी बोलवा.’

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा आम्ही दोघं स्कूटरवर निघालो. कार्लेखिंड चढून उतरलं की हवा बदलते. आमच्याकडची गर्द सावली मागे राहते आणि पुढे नुसतं आकाश असतं. पोयनाडहून डावीकडे वळल्यावर भाताची कापणी चाललेली होती. त्याच्यापलीकडे बांध, बांधापलीकडे खाडी, आणि सगळ्यावर एक फिकट, हलकासा उजेड. रस्ता बांधावरून जात होता. दोन्ही बाजूंना पाणी होतं आणि दोन्ही पाण्यांत आकाश होतं. स्कूटर चालते आहे की तरंगते आहे, हे काही वेळ मला कळलं नाही.

घर साधं, स्लॅबचं, निळ्या रंगाचं होतं. शेजारी तळं. दारात एक बुटके, सावळे, साठीच्या पुढचे गृहस्थ उभे होते, पांढरी बनियन आणि घडीची पँट. दाढी नव्हती. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “या.” मेलमध्ये आम्ही एकमेकांचे इतके शब्द खोडले होते, आणि आता समोरासमोर दोघंही चपलांकडे बघत उभे.

सोडवलं त्यांच्या पत्नीने. “ये गो पोरी, उन्हात काय उभी राह्यलीस? पानी पी आदी.” माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं. “ह्ये दिसभर त्या डब्यापुढं बसतात. कोनाशी बोलत न्हाईत. मला वाटलं, रिटायर झालं म्हंजे वाइच गप्पा मारतील. कसल्या गप्पा! म्हनतात, माझं कोन कोन हाय तिकडं. आज दिसली मला एक.”

मी त्यांना काका म्हणायला लागले, आणि त्यांच्या पत्नीला काकी. काका मुंबईत एका कंपनीत मशीनं सांभाळायचे, रोज जाऊन येऊन. त्यांच्या आजोबांनी आणि वडिलांनी मिठागरात काम केलं होतं. आता ती मिठागरं नाहीत. काकांनी खिडकीतून एक सपाट, गवताळ जागा दाखवली. “हितं ढीग असायचे. पांढरे. चांदण्यात दुरून गाव असल्यागत वाटायचे,” ते म्हणाले. माझ्याशी बोललेलं ते त्यांचं पहिलं मोठं वाक्य.

मी विचारलं, “काका, मी मराठी आहे हे तुम्हाला कळलं होतं का?”

“पहिल्याच मेलात. लॉग जोडला व्हता ना तुम्ही. वाडी आन सुपारी.”

“मग बोलला का नाहीत?”

ते जरा लाजले. “बोललो असतो तर तुमचा पॅच मला लगेच पास करावा लागला असता, ताई. आपल्या बाजूच्या म्हनून.”

नवरा मोठ्याने हसला. मग तेही हसले आणि तिथून पुढे सोपं झालं.

आम्ही ओटीवर दोन लॅपटॉप मांडले. एकावर त्यांचा क्लायंट, दुसऱ्यावर सर्व्हरचा लॉग. आता फक्त लाइन तुटायला हवी होती. आणि ती तुटेना. सणाची सुट्टी, खोदकाम बंद, आणि नेट असं वाहत होतं की पुण्यातही मी पाहिलं नव्हतं. आम्ही वाट बघत राहिलो. नवऱ्याला काकींनी तळं दाखवायला नेलं. जेवणात तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण होतं, माशाचा तुकडा ताटाएवढा. जेवून झाल्यावर काका म्हणाले, “वाइच पडा.” मी ओटीवरच चटईवर आडवी झाले. तळ्यातल्या पाण्याचा उजेड वर छतावर हलत होता. कुठेतरी खंड्या ओरडत होता. अर्धवट झोपेत मला असं वाटत राहिलं की ते दोघं, क्लायंट आणि सर्व्हर, बांधावरून चालत येत आहेत, एक पुढे आणि एक मागे, आणि मागचा काहीतरी सांगतो आहे ते पुढच्याला ऐकू येत नाही. काका खुर्चीत बसून लॉगकडे बघत होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

उन्हं उतरल्यावर काकींनी टाकीत पाणी चढवायला मोटार चालू केली. व्होल्टेज पडून घरातला पंखा मंदावला, कोपऱ्यातला राउटर विझला आणि परत लागला. काका एकदम ताठ बसले.

“ताई. उठा. अडकला.”

मी धडपडत उठले. अडकला होता. क्लायंट तोच नंबर घेऊन विचारत होता, सर्व्हर म्हणत होता पाळी गेली. आणि या वेळी ते घडत असताना आम्ही दोघं तिथे होतो. काकांनी लॉगवर बोट ठेवलं. मी कोड उघडला. आम्ही एक एक ओळ वाचत गेलो, मोठ्याने, आळीपाळीने. मधेच ते म्हणायचे, “हे का?” आणि आता मला त्याची भीती वाटत नव्हती.

सापडलं ते असं. लाइन क्षणभर तुटली तर सर्व्हरला तुटल्याचं कळायच्या आतच क्लायंट परत येतो, आणि सर्व्हर त्याला जुनं उत्तर देतो. लाइन फार वेळ तुटली तर सर्व्हर त्या क्लायंटला पुरताच विसरतो, आणि सगळं नव्याने सुरू होतं. दोन्ही ठीक. पण तुटणं मधलंच असलं, राउटर विझून लागायला जेवढा वेळ घेतो तेवढं, तर सर्व्हर तुटलेल्या लाइनीची आवराआवर करायला घ्यायचा आणि त्यात जपून ठेवलेलं उत्तर टाकून द्यायचा. नंबर मात्र वापरला गेला, एवढं लक्षात ठेवायचा. मग क्लायंट आला की त्याला द्यायला उत्तर नाही, आणि नंबर वापरलेला म्हणून आत घेताही येत नाही. मुद्दाम तोडताना आम्ही नेहमी अगदी थोडं तोडलं होतं, नाहीतर खूप.

“म्हणजे आपल्यासारखंच तुटायला हवं होतं,” मी म्हणाले.

“व्हय,” काका म्हणाले. “चांगल्या नेटवाल्यांना कसं दिसनार?”

दुरुस्ती छोटी होती. क्लायंट पुढच्या पायरीवर जाईपर्यंत त्याचं उत्तर टाकायचं नाही, लाइन तुटो नाहीतर राहो. मी ती तिथेच बसून लिहिली आणि सर्व्हरवर चढवली. काकींना आम्ही मोटार पुन्हा पुन्हा बंद-चालू करायला लावली. टाकी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, झेंडूच्या रोपांत शिरलं. “आता बस करा रे,” त्या म्हणत होत्या, पण हसत होत्या, आणि नवरा दारात उभा राहून प्रत्येक वेळी ओरडत होता, “विझला! लागला!” क्लायंट एकदाही अडकला नाही.

घरी आल्यावर मी पॅच यादीवर पाठवला. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांचं इंग्रजी उत्तर आलं. एका ओळीतली मोकळी जागा चुकली होती, ती दाखवलेली. खाली लिहिलेलं, ‘हे दुरुस्त करून पुन्हा पाठवा. बाकी बरोबर आहे.’ मी दुरुस्त करून पाठवला. पॅच घेतला गेला. शोधण्यात त्यांचाही वाटा आहे असं त्यात नोंदवू का, म्हणून मी विचारलं होतं. त्यांनी कळवलं, तपासलं एवढंच लिहा.

थंडीत ते दोघं आमच्याकडे आले. एसटीने, पिशवीत वालाच्या शेंगा घेऊन. काकींना समुद्र बघायचा होता. खाडीकाठी जन्म गेला, पण असा उघडा समुद्र फार वेळा बघणं झालं नाही, म्हणाल्या. आम्ही चौघं दुपार कलताना रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. वाळू लांबपर्यंत ओली आणि चकचकीत, तिच्यावर माणसं उलटी दिसत होती. काकी चपला हातात घेऊन माझ्या नवऱ्याबरोबर पुढे गेल्या. त्यांचं हसणं वाऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी येत होतं.

काका माझ्याबरोबर हळूहळू चालत होते. मग थांबले, पँट पायाशी दुमडून वर केली आणि म्हणाले, “ताई, त्या आवराआवरीच्या कोडात मी काल परत बघितलं. आनखी एक जागा हाय. तिथं दोन क्लायंट एकदम परत आले तर...”

“एकदम म्हणजे?”

त्यांनी वाकून बोटाने ओल्या वाळूत दोन रेघा ओढल्या, मग त्यांच्यामध्ये सर्व्हरचा एक चौकोन. मी शेजारी उकिडवी बसले. पाणी अजून लांब होतं.

“ही तुम्ही,” ते म्हणाले, “हा मी. आता बघा.”